निशाणावरची खूण

"खरा दात दुखतो, खोटा दुखत नाही, मला एवढाच फरक माहीत आहे," असं तो एकदा म्हणाला होता.

म्हणाला होता तोही कुणाला शहाणपण शिकवायला नव्हे. दातांच्या दवाखान्यात एक गृहस्थ नवी कवळी हातात धरून विचारत होते, ही खऱ्यासारखी वाटेल ना. डॉक्टरीणबाईंनी मागच्या दाराकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "सांगा हो तुम्हीच." तो दारात आला, हाताची पांढरी भुकटी विजारीला पुसली, हे वाक्य बोलला आणि परत आत गेला. डॉक्टरीणबाईंना ते इतकं आवडलं की त्या येईल त्याला ते ऐकवू लागल्या. त्याच्या उभ्या आयुष्यात गाजलेलं असं ते एकच वाक्य.

दवाखान्याच्या मागे, जिन्याखालून वाकून गेलं की एक लांबट खोली होती. तिथे तो कवळ्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला कवळीवाले म्हणत. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, रांगेने, सगळे आ वासलेले. गुलाबी मेणाचा गोडसर वास आणि त्यावर रसायनाचा उग्र वास, दोन्ही मिसळून त्याच्या अंगाला चिकटलेले. माणसं त्याला दिसायची नाहीत, त्यांच्या तोंडाची मापं तेवढी आत यायची. रस्त्यात एखादा हसला की हा त्याला ओळखायचा, आणि त्याने तोंड मिटलं की विसरायचा.

खोटा दात खरा दिसायला हवा असेल तर त्यात थोडं वाकडेपण ठेवावं लागतं, एखादा कोपरा झिजवावा लागतो, एखादा दात किंचित पुढे काढावा लागतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बायकोने दाखवून दिलं होतं. ती दुपारनंतर खोलीत यायची, कवळ्या घासून चकचकीत करायची, आणि एखादी उजेडात धरून म्हणायची, "अहो, हे दात आहेत की पांढऱ्या कपड्यातली कवायत? जरा मोडा की रांग."

ती डावखुरी होती. त्यामुळे टेबलावरच्या निम्म्या वस्तू कायम चुकीच्या बाजूला असायच्या. चाकू शोधताना तो वैतागायचा, तर ती म्हणायची, "तुमचा उजवा आणि माझा डावा, मिळून एक धड माणूस होतो आपण. कुरकुर कसली?" मूलबाळ नव्हतं. घरात काही फुटलं, सांडलं, कुणी कुणाला लागेल असं बोललं, तरी तिचं ठरलेलं उत्तर असे: "आपलेच दात, आपलेच ओठ. सांगता कुणाला?"

नाणी घरात आली ती एका म्हाताऱ्या खलाशाच्या कवळीपायी. कवळी इतकी बेमालूम बसली की खलाशी खूश होऊन तंबाखूचा एक डबा ठेवून गेला. आत मातीची ढेकळं वाटावीत असे चपटे गोळे होते. लांबच्या कुठल्याशा बंदरात कुणी दिले होते म्हणे. त्याने एक गोळा शुद्ध पाण्यात भिजत ठेवला, काही आठवडे पाणी बदलत राहिला, मग दात कोरायच्या बारीक सुईने, भिंग डोळ्याला लावून, माती उचलू लागला. आधी एक नाक आलं. मग मोठा, उघडा डोळा. मग जबडा. जबडा पाहिल्यावर त्याला चैन पडेना.

"मेलेल्या राजांचे दात साफ करताय?" बायको म्हणाली. "जित्यांचे संपले वाटतं."

"राजा आहे हे कशावरून?"

"एवढी मान ताठ दुसऱ्या कुणाची असते? आणि दात कोरून पोट भरत नाही, एवढं लक्षात असू द्या."

राजाच होता. रोमचा सम्राट, सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचा, जुने देव सोडून ख्रिस्ताच्या बाजूला गेलेला. हे त्याला वकीलसाहेबांनी सांगितलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी पाच-सहा माणसं जमत आणि जुनी नाणी एकमेकांना दाखवत. निवृत्त वकीलसाहेब त्यांचे प्रमुख होते. कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांच्यातला बोलघेवडा. हा कवळीवाला तिथे पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी त्याला एक खुर्ची दिली आणि पुढच्या रविवारी ती त्याच्यासाठी रिकामी ठेवली. त्याच्यासाठी कुणी काही रिकामं ठेवावं ही त्याच्या आयुष्यात नवी गोष्ट होती.

मंडळाचा नियम एकच होता. जाणूनबुजून खोटं नाणं आणणाऱ्याला परत खुर्ची नाही. एका तिकिटं जमवणाऱ्याची खुर्ची तशी गेली होती. तो आजही रस्त्यात भेटला तर औषधवाला हवापाण्याचं बोलायचा, आणि त्या हवापाण्यातच सगळा निकाल असायचा.

तो सम्राट त्याच्या मनात बसला त्याचं कारण मात्र नाण्यांतच होतं. माणूस नव्या देवाकडे गेला, पण नाण्यांवर जुना सूर्यदेव आणखी कित्येक वर्षं तसाच उभा. जुनं सुटत नाही, नवं लिहायला हात धजत नाही. मग कधीतरी, अगदी थोड्या नाण्यांवर, ती खूण येते. दोन सैनिक उभे, मध्ये काठीवरचं निशाण, आणि निशाणावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं, एकावर एक बसवलेली: एक फुली, फुलीतून गेलेली उभी काठी, काठीच्या डोक्याशी उजवीकडे वळलेला गोल. एवढं मोठं स्थित्यंतर, आणि ते असं चोरपावलांनी आलेलं. त्याला हे कळत होतं. तोही काही सांगायचं असलं की इतक्याच बारीक अक्षरात सांगायचा.

खलाशाच्या डब्यातली सैनिकांची नाणी बरीच निघाली. प्रत्येकाच्या निशाणावर नुसता ठिपका किंवा कोरी जागा. त्याने आणखी मातीची नाणी मिळवली. खूण काही निघेना. वकीलसाहेबांकडे तसं एक नाणं होतं, पण ते कुणाच्या घरी द्यायचे नाहीत. मग एका रविवारी त्याने त्यांच्या परवानगीने ते नाणं गुलाबी मेणाच्या गोळीत दाबलं, ठसा काड्यापेटीत घालून घरी नेला आणि बायकोपुढे धरला.

"हे बघ. अशी असते ती."

तेव्हा ती आजारी होती. दम लागायचा. कवळ्या घासणं बंद झालं होतं. खिडकीशी खुर्ची टाकून ती बसायची, आणि हात रिकामे राहवेनात म्हणून तिने नाणी साफ करायला घेतली होती. त्याने तिच्यासाठी एक सुई खास घासून दिली होती, डाव्या हाताला बसेल अशी तिरकी. तिने ठसा भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला.

"एवढीशी?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी तुमचे रविवार चाललेत?"

साच्यात सगळं उलटं असतं हे तो बोलला नाही. दोघांचं आयुष्य साच्यांत गेलं होतं. पाण्याला ओलं म्हणायची जशी गरज नसते, तशी हे सांगायचीही नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी तो खोलीत काम करत असताना वरून तिची हाक आली. हाकेत दम कमी होता, म्हणून तो धावत जिना चढला. ती खुर्चीत बसलेली होती आणि हात पुढे केलेला होता.

"बघा हो. याच्या निशाणावर काहीतरी आहे."

होतं. फुली होती, काठी होती, गोल होता. त्याने भिंग लावलं, काढलं, परत लावलं. मग तो जमिनीवरच बसला आणि हसला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. "दात छान आहेत हो तुमचे," ती म्हणाली. "मला वाटलं विसरले कसे दिसतात ते."

गोल डावीकडे वळला होता हे नंतर त्याच्या लक्षात आलं. वकीलसाहेबांनी ते नाणं पाहिलं आणि खुर्चीवर सावरून बसले. अशी उलटी खूण त्यांनी कधी पाहिली नव्हती. औषधवाला म्हणाला, "उलटीचं नाणं! कवळीवाले, उलटीवर माझ्याकडे गोळी आहे, पण तुम्ही घेऊ नका." सगळे हसले, आणि तेव्हापासून ते नाणं मंडळात उलटीचं नाणं झालं.

उलटं कसं झालं याचा खुलासा त्यानेच केला. तो मंडळात एवढा लांब कधी बोलला नव्हता. नाणं पाडायचा ठसा कोरताना कारागिराला अक्षर उलटं कोरावं लागतं, तर ते नाण्यावर सुलटं येतं. "एखादा नवखा असेल. त्याला ती अक्षरंच ठाऊक नसतील. समोर जे ठेवलं ते त्याने जसंच्या तसं कोरलं. साच्यातलं उलटं विसरला." वकीलसाहेब म्हणाले, "पटतंय."

हिवाळा संपायच्या आत बायको गेली.

माणसं आली, बसली, उठली. मग घरात नुसत्या वस्तू राहिल्या. टेबलावरच्या निम्म्या वस्तू आता उजव्या बाजूला आपोआप येऊ लागल्या आणि चाकू पहिल्या झटक्यात सापडायचा. त्याचा त्याला इतका त्रास झाला की तो मुद्दाम चाकू डावीकडे ठेवू लागला. पण स्वतः ठेवलेला चाकू शोधायला काय लागतं?

संध्याकाळी तो भिंग लावून ते नाणं घेऊन बसे. ती खुर्ची खिडकीशी तशीच. तो त्या नवख्या कारागिराचा विचार करत राही. कुठल्याशा तापलेल्या टाकसाळीत वाकून बसलेला, डोळे चुरचुरणारा, नवा देव ओळखीचा नसलेला एक माणूस. चूक कळली असेल का त्याला? कुणी रागावलं असेल का? की कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि त्याचं हे एवढंसं चुकणं इतकी शतकं मातीत पडून राहिलं, कुणीतरी उचलावं म्हणून? माणूस गेल्यावर त्याच्याकडून नवं काही येत नाही. आहे तेच पुन्हा पुन्हा उलगडून पाहायचं असतं. कारागिराची चूक त्याला म्हणूनच जवळची वाटायची. बायकोच्या हातांनी ती मातीतून बाहेर आली होती एवढाच काय तो तिचा संबंध, पण तेवढ्यावर तो बरीच वर्षं जगला.

वर्षं गेली आणि नाण्याची बातमी कशी कोण जाणे मोठ्या संग्रहालयापर्यंत पोचली. तिथल्या नाण्यांच्या विभागातल्या बाईंनी कळवलं, की मी येऊन पाहते, खरंच नवा प्रकार असेल तर आमच्या प्रदर्शनात ठेवू, खाली तुमचं नाव येईल. मंडळात उत्सुकता पसरली. औषधवाला म्हणाला, "कवळीवाले, तुमचे दाखवायचे दात आले म्हणायचे."

त्याने मात्र मनात दुसरंच ठरवलं होतं. खाली नाव त्याचं यायला नको होतं. 'हिने स्वच्छ केलं' एवढं लिहा, असं तो बाईंना सांगणार होता. वाक्य त्याने पाठ करून ठेवलं होतं.

बाई रविवारी आल्या. सर्दी झालेली, हातरुमाल बाहीत खोचलेला, बरोबर एक छोटा सूक्ष्मदर्शी. वाचनालयाच्या मागच्या खोलीत टेबलाभोवती सगळे दाटीने उभे राहिले. बाईंनी नाणं काचेखाली ठेवलं, स्क्रू फिरवला, नाणं जरासं वळवून परत फिरवला. बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"नाणं खरं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याबद्दल शंकाच नाही."

"आणि खूण?" वकीलसाहेबांनी विचारलं.

बाईंनी नाक पुसलं. त्यांना ते बोलायचं नव्हतं हे दिसत होतं. "जुन्या धातूवर हिरवा थर चढतो. रेष मुळातली असती, तर थर तिच्या तळाशीही उतरला असता. इथे रेष त्या थराला चिरून खाली गेली आहे. थर आधीचा, रेष नंतरची. अलीकडची. कुणीतरी बारीक सुईने कोरली आहे." मग, बरं वाटावं म्हणून की काय, त्या म्हणाल्या, "हात फार चांगला आहे."

"हात चांगला आहे म्हटल्यावर शोधायला लांब कशाला जायचं?" औषधवाला म्हणाला. तो हसत म्हणाला, पण बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू विझलं.

कवळीवाला पुढे झाला. "मी बघू?"

त्याने डोळा काचेला लावला. निशाण आता केवढं तरी मोठं झालं होतं, शेतासारखं. त्यात फुलीच्या दोन रेषा. तो आयुष्यभर कोरीवकामच पाहत आला होता. सुई कुठे टेकली, कुठे दाबली, कुठून उचलली, हे त्याला वाचता येत होतं. दोन्ही रेषा सुरुवातीला खोल होत्या आणि शेवटाकडे निमुळत्या, पण उजव्या हाताच्या माणसाचा ओढा जिकडे जातो त्याच्या बरोबर उलट दिशेला. आणि रेषेची एक कड उभी, दुसरी उतरती. तिरक्या घासलेल्या सुईची. ती सुई त्यानेच घासली होती.

मग त्याला काड्यापेटी आठवली, काड्यापेटीतलं गुलाबी मेण, आणि मेणातला डावीकडे वळलेला गोल.

तिच्यासमोर जे ठेवलं ते तिने जसंच्या तसं कोरलं होतं. अक्षरं तिला ठाऊक नव्हती. साच्यातलं उलटं ती विसरली होती. त्याचा खुलासा शब्द न शब्द बरोबर होता, फक्त कारागीर दुसरा होता. खिडकीशी बसून, दम लागत असताना, मनगट खुर्चीच्या हाताला टेकवून, तिने ही एवढीशी फुली किती दिवस कोरली असेल? आणि ती हाक. आणि तो जमिनीवर बसून हसला तेव्हा तिचं ते पाहत राहणं.

इतक्या वर्षांनी तिच्याकडून काहीतरी नवं आलं होतं. आणि ते जिला सांगावं असं माणूस एकच होतं, आणि ते आता नव्हतं.

"कवळीवाले," वकीलसाहेब म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम मऊ ठेवला होता, पण जुनी सवय त्यातून डोकावत होती. "हे नाणं तुमच्या घराबाहेर कुणाच्या हातात होतं?"

त्याने डोळा काचेवरून काढला नाही.

"हाती आलं तेव्हा मातीत होतं, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे कोरलं ते तुमच्याकडे आल्यावर. बरोबर?"

"वकीलसाहेब, कोर्ट नको," औषधवाला पुटपुटला. "त्यांची गंमत असेल. एवढी वर्षं आपण फसलो, म्हणजे काम तरी झकास आहे."

"गंमत असेल तर तसं म्हणू द्या. हे बघा, आम्ही तुम्हाला ओळखतो. तुम्ही 'मी नाही' एवढं म्हणा, मी मानीन. सगळे मानतील. पण मग कुणी, ते सांगावं लागेल. बाई इतक्या लांबून आल्या आहेत. मंडळाचं नाव आहे."

संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, "अहो, असू दे. बरेचदा साफ करतानाही होतं. कुणी साफ केलं होतं हे?"

हाच प्रश्न. याचंच उत्तर तो पाठ करून आला होता. 'हिने' एवढा एक शब्द म्हटला असता तर तो सुटला असता. वकीलसाहेबांनी मान डोलावली असती. औषधवाल्याने चुकचुक केली असती. पुढच्या रविवारी खुर्ची जागेवर असती. आणि हवापाण्याचं बोलणं होऊन गेलं की कुणीतरी, वाईट हेतू नसताना, म्हटलं असतं: ते बघा, कवळीवाल्यांच्या बायकोने नवऱ्याला कसं बनवलं. नाण्याचं नाव बदललं असतं. तिची गोष्ट झाली असती. ती खिडकी, ती तिरकी सुई, तो दम, सगळं रविवार सकाळच्या हशात गेलं असतं.

खोटं दुखत नाही म्हणे.

त्याने सूक्ष्मदर्शीखालून नाणं चिमटीत उचललं. खिशातली डबी काढली, कापूस दोन बोटांनी सारखा केला, नाणं त्यावर खूण वर येईल असं ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं. टेबलाभोवतीचे सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. एरवी तो माणसांच्या तोंडाकडे बघायचा. आता तो त्यांच्या बुटांकडे बघत होता.

"बोला की हो," वकीलसाहेब म्हणाले. आता आवाजात विनवणी होती. "काहीतरी बोला. माणसाने निदान नाही तरी म्हणावं."

त्याचे ओठ हलले. औषधवाला वाट करून द्यायला बाजूला सरकला, की ऐकायला जवळ आला, ते त्याला कळलं नाही. त्याने ओठ दातांवर घट्ट मिटले, डबी सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकली, आपली खुर्ची टेबलाला नीट लावून ठेवली आणि दाराबाहेर निघून गेला.